फोटोच्या आधी फ्रेम

राजधानी बघायला जायचं ठरलं त्याच दिवसापासून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात जाण्यासारखं नव्हे. दुसऱ्याचं सुख बघवत नाही तेव्हा जे दुखतं ना, ते. आणि गंमत अशी, की ज्याच्या सुखापायी हे दुखत होतं तो माणूस केव्हाच मरून गेला होता. मेलेल्या माणसाला कसलं आलंय सुख! पण हे मास्तरांना कोण सांगणार?

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चावीवाला आणि चपलांचं दुकान यांच्या मधे एक बोळकांडीएवढं दुकान आहे, तिथे फोटोंना फ्रेमा करून देतात ते हे मास्तर. आत जायचं तर अंग चोरून जावं लागतं. एका भिंतीला फ्रेमच्या लांबच लांब पट्ट्या उभ्या, दुसरीला काचा, मधे टेबल, आणि टेबलावर काटकोन तपासायचा गुण्या, पोलादी पट्टी, काच कापायचा हिरा. काम मात्र एक नंबर. मास्तरांनी जोडलेल्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख तरी घालून दाखवावं कुणी.

या धंद्यात एक गोष्ट असते, माउंट. फोटो आणि काच यांच्या मधे जाड कागदाची चौकट बसवतात, ती. फोटो उठून दिसतो म्हणून लावतात, असं गिऱ्हाइकाला सांगायचं; खरा उपयोग झाकायला. कडेचं जे नको असेल ते माउंटखाली जातं. कुणाला लग्नाच्या फोटोतला रुसलेला मामेभाऊ नको असतो, कुणाला स्वतःचेच मळके बूट, कुणाला मागून डोकावणारी म्हैस. लोक येतात, फोटोवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "मास्तर, इथपर्यंत झाका." मास्तर मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि झाकतात. फोटो कधी कापायचा नाही, झाकायचा. का झाकायचा हे विचारायचं नाही. आणि झाकून झाला की डोक्यातून काढून टाकायचा. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले त्याने पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं, आणि मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं, की घरीसुद्धा ते कुणाला काही विचारेनासे झाले.

चाळिशी उलटेपर्यंत घरात दोघंच होती, मास्तर आणि त्यांची आई. मग एके दिवशी दुकानात एक बाई फोटो घेऊन आली. नवरा आजारपणात गेलेला, पदरात लहान मुलगी, शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी. फ्रेम झाली. मग काचेला ओरखडा आहे म्हणून ती पुन्हा आली. मग मागचं हुक निघालं म्हणून पुन्हा आली. मास्तरांनी उभ्या जन्मात एवढं एकच हुक सैल ठोकलं असेल! वर्ष-दोन वर्षांत दोघांचं लग्न झालं. तिने अट घातली ती एकच. "हा फोटो बाहेरच्या खोलीत राहील. पोरीला बाप आठवत नाही, निदान दिसू दे."

"राहू दे की!" मास्तर मोठ्या दिलाने म्हणाले. "माझ्याच हातची फ्रेम आहे."

बोलून गेले आणि फसले.

त्या फोटोत राजधानीतला तो प्रसिद्ध पांढरा घुमट होता, घुमटापुढे कारंजं, आणि कारंज्यापुढे ती दोघं. त्याचा हात तिच्या खांद्यावर. दोघंही खदाखदा हसतायत. ती तर अशी हसतेय की डोळे मिटलेत. मास्तरांनी चारेक वर्षांच्या संसारात तिला असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. हसायची ती, नाही असं नाही, पण बेताने. चहात साखर बेताने घालतात तशी. आणि मास्तरांची रोज सकाळी चहाला बसायची खुर्ची नेमकी त्या फोटोसमोर. घशाखाली उतरेल कसा चहा?

मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव पाडलं होतं, घुमटवाला. बाईला सवत असते, तिच्याशी भांडता तरी येतं. पुरुषाला असं कुणी असलं तर त्याला काय म्हणायचं, एवढा साधा शब्दही कुणी करून ठेवलेला नाही. हा जिवंत असता तर एव्हाना त्याला टक्कल पडलं असतं, पोट सुटलं असतं, बायकोशी दिवसाआड वाजलं असतं. पण हा पठ्ठ्या कारंज्यापुढे उभा तो उभाच, केसांचा फुगासुद्धा जागचा हलला नाही. इकडे मास्तरांच्या कानांवरचे केस दर वर्षी पांढरे होत चाललेले. हा काय न्याय झाला?

त्यातून ती मुलगी. शिडशिडीत, नाकाच्या शेंड्यावर राग. मास्तरांच्या आईने आल्या आल्याच तिचं नाव ठिणगी ठेवलं आणि तेच घरात रूढ झालं. ती मास्तरांना काका म्हणायची. शाळेचा अभ्यास त्यांच्याकडूनच करून घ्यायची, सायकल त्यांच्याकडूनच शिकली, ताप आला की रुसवे त्यांच्यावरच. पण काका. मास्तरांना वाटायचं, एखाद्या दिवशी चुकून तरी 'बाबा' म्हणेल. पण ती चुकणाऱ्यातली नव्हती.

घुमटवाल्याच्या शेजारी भिंतीवर एक रिकामा खिळा होता. लग्न झालं त्याच वर्षी मास्तरांनी तो ठोकला होता, चौघांचा फोटो लावायला. मग आज दुकानात काम, उद्या आईचे गुडघे, असं करता करता फोटो राहूनच गेला. अख्ख्या गावाच्या फ्रेमा करणारा माणूस, आणि त्याच्या घरात त्याचा स्वतःचा फोटो नाही. तो खिळा मास्तरांच्या डोळ्यांत रोज खुपायचा.

आणि अशात राजधानीला जाणारी एक नवी गाडी सुरू झाली. भल्या सकाळी निघायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. मास्तरांनी घरी येऊन चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "येत्या सुट्टीत आपण चौघं राजधानी बघायला जायचं. आणि फोटो काढायचा, चौघांचा."

आई म्हणाली, "माझे गुडघे?"

"ते पण घ्यायचे बरोबर," मास्तर म्हणाले. इतके खुशीत होते.

दुसऱ्याच दिवशी दुकानात त्यांनी फोटोच्या आधी फ्रेम करून टाकली. दुकानातली सगळ्यात भारी पट्टी, बारीक सोनेरी रेघ असलेली, गिऱ्हाइकाला दाखवतानासुद्धा ते हात राखून दाखवायचे ती. आणि माप? घुमटवाल्याच्या फ्रेमपेक्षा चांगली वीतभर मोठी. भिंतीवर शेजारी शेजारी लागल्यावर आल्यागेल्याची नजर आधी कुठे जाईल, याचा मास्तरांनी बारकाईने विचार केला होता. फ्रेम त्यांनी काचांच्या मागे लपवून ठेवली.

पण बेत आखायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी माशी शिंकली.

मास्तरांनी राजधानीचा मोठा घडीचा नकाशा आणला होता. जेवणाच्या टेबलावर तो पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, लाल पेन्सिल आणि पोलादी पट्टी घेतली. राजधानी त्यांनी स्वतः कधी पाहिलेली नव्हती, पण पट्टी हातात आली की मास्तरांना सगळं सोपं वाटतं.

"पट्टी कशाला काका? मला माहितीये ना कुठे कुठे जायचं," ठिणगी म्हणाली. "आईबाबा गेले होते तिथेच. आधी तळ्यातली होडी. बाबा स्वतः वल्हवत होते, आई घाबरून काठ धरून बसली होती. मग ते सांगाड्यांचं संग्रहालय. तिथे देवमाशाच्या जबड्यात उभं राहून बाबांनी आईला दचकवलं. मग मनोरा. सगळ्या पायऱ्या बाबा न थांबता चढले. आणि शेवटी घुमट."

"आणि तू कुठे होतीस गं तेव्हा?" आजीने विचारलं.

"मी लहान होते. मावशीकडे ठेवलं होतं मला."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीला मावशीकडे ठेवून दोघंच! होडी काय, मनोरा काय! मास्तरांना पोहता येत नाही, पाण्याच्या काठावर उभं राहिलं तरी त्यांना गरगरतं. आणि पायऱ्यांचं म्हणाल तर स्वतःच्या घराच्या जिन्यातसुद्धा ते मधे थांबून शेजाऱ्याच्या कुंड्यांची चौकशी करतात. त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून एका शर्टाला काजं करत होती. तिने मान वर केली नाही, की 'हो' म्हटलं नाही, की 'नाही' म्हटलं नाही. आठवणींत रमली असणार, मास्तरांनी मनात म्हटलं, आणि पेन्सिलीचं टोक नकाशावर मोडलं.

मग मास्तर इरेला पेटले. घुमटवाल्याचं पाऊल जिथे जिथे पडलं असेल ती ती जागा त्यांनी बेतातून वगळली. तळं बाद. सांगाडे बाद. मनोरा बाद. घुमट तर शंभर वेळा बाद. आता राजधानीतून एवढं काढल्यावर उरतं काय? दोन-तीन संध्याकाळी नकाशात डोकं घालून त्यांनी जे शोधून काढलं ते असं: शहराला पाणी कसं पुरवतात ते दाखवणारं जुनं पंपघर, घड्याळांचं एक संग्रहालय, आणि गावाबाहेरची एक टेकडी, जिच्यावरून विमानं उतरताना दिसतात.

"पंपघर?" आई म्हणाली. "अरे, पाणी बघायला एवढ्या लांब न्यायचंस आम्हाला? नळ सोड की घरातला."

"माहितीपूर्ण आहे ते," मास्तर म्हणाले.

"आणि घड्याळं कशाला? आमची वेळ भरत आली का ते बघायला?"

ठिणगीने पेन्सिल ओढून घेतली आणि नकाशावरच्या घुमटाभोवती असा गोल काढला की कागद फाटायचा राहिला. "हे नसेल तर मी येत नाही. तुम्ही जा पंप बघायला. मला तिथे फोटो काढायचाय. अगदी तसाच. कारंज्यापुढे, तिथेच उभं राहून. आई तिच्या जागी, आणि बाबांच्या जागी मी. आजी बाजूला बसेल."

"आणि मी?" मास्तरांनी विचारलं. विचारायला नको होतं.

ठिणगीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही फोटो काढा ना," ती अगदी सरळपणे म्हणाली. "तुम्हाला फोटोतलं कळतं."

तोंडात मारल्यासारखे झाले मास्तर. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तर आणखीच वाईट. ज्या फोटोसाठी एवढा खटाटोप, त्या फोटोतूनच पोरीने त्यांना बाहेर काढून ठेवलं होतं, आणि वर मान दिल्यासारखं केलं होतं.

तेवढ्यात बायको बोलली. इतक्या दिवसांत या विषयावर पहिल्यांदाच. "घुमटाला नको जायला," ती म्हणाली. "फार गर्दी असते तिथे. काकांनी ठरवलंय तेच बरं आहे." आणि सुई टोचली की काय, बोट तोंडात घालून आत निघून गेली.

खरं तर मास्तर जिंकले होते. त्यांना हवं होतं तेच ती म्हणाली होती. पण छे! माणसाच्या मनात एकदा हा किडा शिरला की त्याला जिंकणंसुद्धा पुरत नाही. ती असं का म्हणाली? आमच्याबरोबर ती जागा बाटेल म्हणून? ती जागा तिला त्याच्यासाठी राखून ठेवायचीय, कुलूप लावून! पंपघर काकांबरोबर, घुमट त्याच्याबरोबर. मास्तर त्या दिवशी धड जेवले नाहीत. ठिणगीही रुसून जेवली नाही. आई एकटी जेवली आणि म्हणाली, "या घरातली माणसं सहलीला जातायत की मयताला?"

दोन दिवस घर धुमसत राहिलं. तिसऱ्या दिवशी दुकानाला निघताना मास्तरांनी घुमटवाल्याला भिंतीवरून उतरवलं. "काचेला आतून बुरशी धरतेय," ते कुणी न विचारताच म्हणाले. बायको दारात उभी होती. तिने फ्रेम घ्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

बुरशी वगैरे काही नव्हती. मास्तरांच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं, मग लोक काही म्हणोत. ते त्या फोटोला जास्त रुंद माउंट घालणार होते. चारी बाजूंनी आणखी झाकायचं. कारंजं जाईल, घुमटाचा कळस जाईल, तो खांद्यावरचा हात तर नक्की जाईल. नुसती दोन तोंडं उरतील, पासपोर्टच्या फोटोसारखी. कुणी विचारलं तर सांगायचं, कडा ओलीने खराब झाल्या होत्या. फ्रेमवाल्याने सांगितलं तर कोण नाही म्हणणार?

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी घातली. पकडीने बारीक खिळे काढले, मागचा पुठ्ठा उचलला. फोटोच्या मागे त्यांच्याच हातची पेन्सिलीची खूण होती. ती बरीच वर होती. म्हणजे खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाकलेला. मास्तरांना आठवेना. मग आठवलं, का आठवत नाही ते. त्या दिवशी ती फोटोवर बोट ठेवून म्हणाली होती, "इथपर्यंत झाका," आणि मास्तरांचं लक्ष फोटोकडे नव्हतंच. बोटाकडे होतं.

त्यांनी फोटो सुलटा केला.

वर तेच सगळं होतं, घुमट, कारंजं, खदाखदा हसणं. खाली, जिथे आजवर माउंट होतं तिथे, घुमटवाल्याच्या मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा होता, दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला बांधतात तो. तिच्या हातात एक्स-रेचा मोठा खाकी लिफाफा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत हॉस्पिटलचं नाव. आणि तो खांद्यावरचा हात! तो लाडाने टाकलेला हात नव्हताच. त्याने सगळं अंग तिच्यावर टाकलं होतं. दुसऱ्या हाताने कारंज्याचा कठडा असा घट्ट धरला होता की बोटांची हाडं वर आली होती, आणि ती त्या बाजूचा पाय पुढे रोवून उभी होती, ओझं पेलायला रोवतात तसा.

मास्तर स्टुलावर बसले. शेजारचा चावीवाला कानस मागायला आला आणि त्यांचं तोंड बघून न मागताच परत गेला.

पहिल्यांदा काय आलं असेल मनात, तर राग. चार वर्षं मला फुकट जाळलं की रे! मग लाज वाटली, कानापर्यंत लाज वाटली. आणि मग, काय सांगावं या माणसाला, पुन्हा तीच पोटदुखी उठली, आणि या वेळी जास्त खोल. सुखात कोणीही हसवतं. या गड्याने तिला अशा दिवशी हसवलं होतं.

रुंद माउंटचा कागद त्यांनी परत जागेवर ठेवला. नवीन माउंट कापलं ते जुन्याच मापाचं, पेन्सिलीच्या खुणेबरहुकूम. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. जुनं पिवळं पडलं होतं, एवढं मात्र खरं होतं.

संध्याकाळी त्यांनी फोटो जागेवर लावला. ठिणगी खाली खेळायला गेली होती, आई बाहेर गॅलरीत बसली होती. बायको पदराला हात पुसत आली आणि फोटोसमोर उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई ती, कापड असो की कागद, नवं आणि जुनं तिला लांबून कळतं.

"माउंट बदललंत," ती म्हणाली.

"पिवळं पडलं होतं."

"मग पाहिलंच असेल."

मास्तरांनी मान हलवली.

ती खुर्चीवर बसली. "डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळीच सांगून टाकलं होतं, आता यांना परत आणू नका. बाहेर पडलो तर गाडीला वेळ होता. समोरच घुमट. ते म्हणाले, पोरीसाठी एक फोटो काढू या, हसतानाचा. मला कुठलं हसू यायला! तर म्हणतात कसे, हसली नाहीस तर इथल्या इथे मरतो, मग ने मला एकटी उचलून. आणि मला हसू आलं हो. दोघांनाही आलं. थांबेचना. जाणाऱ्या एका माणसाने काढून दिला फोटो. त्याला वाटलं असेल, काय सुखी जोडपं आहे."

"आणि होडी? मनोरा?"

"कसली होडी! चार पावलं टाकवत नव्हती त्यांना. ठिणगी विचारायची ना रोज, मग तुम्ही काय केलं, मग काय केलं. रोज काहीतरी सांगायला नको का? आज होडी, उद्या देवमासा." तिने फोटोकडे पाहिलं. "घुमटसुद्धा पाहिला नाही मी. त्याच्याकडे पाठ होती ना आमची. खरं सांगू? मी राजधानी पाहिलेलीच नाही."

मास्तर तिच्याजवळ आले. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

दुकानातला नियम घरी आणल्याचा हा प्रसाद होता.

"पण मला वाटलं तुम्हाला कळलंय," ती हळूच म्हणाली. "तळं नको, मनोरा नको, घुमट नको, असं तुम्ही सगळं वगळत होतात. मी मनात म्हटलं, कुठूनतरी कळलं असेल, आणि मला त्रास होऊ नये म्हणून बिचारा पंपघरं शोधतोय. किती समजूतदार माणूस मिळाला मला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. गप्प बसले असते तर आयती शाबासकी पदरात पडत होती. पण ती तशी घेववेना.

"समजूतदार कसला डोंबलाचा," ते म्हणाले. "जळत होतो मी."

"कुणावर?"

मास्तरांनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली.

ती फोटोकडे बघतच राहिली, मग मास्तरांकडे, मग पुन्हा फोटोकडे. "यांच्यावर?" आणि तिला हसू फुटलं. आधी तोंडावर हात ठेवून दाबायचा प्रयत्न केला, मग ते आवरेना. डोळे मिटून, पोट धरून, खदाखदा हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चार वर्षं? आणि म्हणून... पंपघर?"

"काय झालं गं तिला?" आईने गॅलरीतून ओरडून विचारलं.

मास्तर तसेच उभे. भिंतीवर ती हसत होती आणि खुर्चीवरही ती हसत होती, हुबेहूब. लाज वाटून घ्यावी की खूश व्हावं हेच त्यांना कळेना. थोडं थोडं दोन्ही केलं त्यांनी.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "ठिणगीला सांगेन मी. अजून थोडी मोठी होऊ दे."

"तोवर झाकलेलंच राहू दे," मास्तर म्हणाले. "घुमटाला मात्र जाऊ. तुला बघायचाय ना."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कशाला हो म्हणून बसलो ते. होडी, देवमासा, मनोरा, जे जे त्या माणसाने कधी केलंच नव्हतं ते ते सगळं आता मास्तरांना करावं लागणार होतं. गरगरणारं डोकं घेऊन होडीत बसायचं. धापा टाकत मनोरा चढायचा. आणि मधल्या जिन्यात ठिणगीने विचारलं, बाबा इथे अजिबात थांबले नव्हते ना, की श्वास जमवून म्हणायचं, नाही गं, मुळीच नाही. घुमटवाल्या, लेका, मास्तरांनी फोटोकडे बघत मनात म्हटलं, मेहनत माझी आणि नाव तुझं.

"त्या तळ्यात होडी आहे का तरी?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत!" बायको म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी काचांमागून ती मोठी फ्रेम काढली. फ्रेमचं एक बरं असतं, मोठीची लहान करता येते. त्यांनी चारी कोपरे सोडवले, पट्ट्या मोजल्या आणि घुमटवाल्याच्या मापाने कापायला घेतल्या. अगदी तेवढीच नाही. सूतभर मोठी ठेवली. तेवढं चालतं.

शाळा सुटल्यावर ठिणगी दप्तर सांभाळत, अंग चोरून दुकानात शिरली. घुमट बेतात परत आल्याचं तिला सकाळीच कळलं होतं, त्यामुळे स्वारी प्रसन्न होती. तिने सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं. "ही कुणाची?"

"आपली. कारंज्यापुढच्या फोटोची."

"अजून काढला पण नाही, आणि फ्रेम?" ती बराच वेळ रिकाम्या चौकटीतून पलीकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण फोटो तुम्ही काढणार. मग तुम्ही कसे दिसाल त्यात?"

"नाही दिसणार."

"मग आपली कशी?"

मास्तर गुण्या लावून कोपरा तपासत राहिले. तो कोपरा तपासून झालेला होता.

"कुणाला तरी सांगू काढायला," ठिणगीने निकाल दिला. "आईबाबांचा नाही का कुणीतरी काढला! पण मधे आई. आई आणि मी. तुम्ही कडेला उभे राहायचं."

"कडेला उभं राहायला माझी ना नाही गं," मास्तर म्हणाले. "पण कडेचं सगळं माउंटखाली जातं."

ठिणगीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं कळू नये म्हणजे कमाल झाली.

"मग माउंट घालू नका ना, काका," ती म्हणाली. "तुमचंच तर दुकान आहे."